अध्यक्षांची बादली

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एक कायमची सूचना आहे. कुत्री, मांजरं, कबुतरांना दाणे टाकणं, गॅलरीतून गादी झटकणं आणि जिन्यात चपला काढणं, या पाच गोष्टींना तिच्यात एकाच दमात सक्त मनाई केलेली आहे. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर अशी सरसकट बंदी घालता येत नाही, हे मला पुढे कळलं. पण ज्या माणसाच्या हातात टाकीचा व्हॉल्व्ह आहे त्याच्याशी कायदा बोलू नये, एवढं शहाणपण खरवईत सहा वर्षं काढल्यावर कुणालाही येतं.

ही गोष्ट २०२२ सालची. चिरंजीव तेव्हा सहावीत होते. त्यांनी कुत्र्याचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी सूचना दोनदा वाचली, वर आले आणि म्हणाले, "बाबा, यात बेडूक लिहिलेला नाही."

"अहो, याला ताप आहे का बघा," बायको म्हणाली.

तिचंही खरंच होतं. खरवईत राहून बेडूक पाळायचा म्हणजे उसाच्या फडात बसून साखर मागवायची. बदलापूर पूर्वेला आमची इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी भाताची खाचरं होती. हे बिल्डरनं सांगितलं नव्हतं, पहिल्याच जूनमध्ये बेडकांनी सांगितलं. जमीन गेलेले जुने खातेदार एक दिवस सातबारा घेऊन दारात उभे राहावेत, तसे ते रात्री साडेनऊला पार्किंगमध्ये हजर झाले आणि पहाटेपर्यंत आपलं म्हणणं मांडत राहिले. शिवाय आमच्या बाथरूममध्ये गिझरच्या पाइपवर एक फिकट तपकिरी झाडबेडूक दर पावसाळ्यात येऊन राहतो. त्याच्या बोटांना टिकलीएवढ्या चकत्या आहेत, त्यांच्या जोरावर तो गुळगुळीत टाइल्सवर सरळ चढतो. आई अंघोळीचं गरम पाणी ओतण्याआधी त्याला "सरक रे बाबा" म्हणते आणि तो सरकतो. घरात आईचं एका शब्दात ऐकणारा तेवढा एकच.

"हाच पाळू की," मी म्हणालो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे माझा कल असतो.

माझा एक शाळासोबती ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. त्याला विचारलं, तर त्यानं मला फोनवरच पाऊण तास उभं केलं. रानातला जीव उचलून पेटीत घालायचा नाही, हा त्याचा पहिला धडा. पावसात हळदीसारखा पिवळाधमक होणारा आपला मोठा बेडूक तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. एके काळी भारतातून या बेडकांच्या तंगड्या हजारो टनांनी युरोप-अमेरिकेतल्या ताटांत जात. शेतातला किडे खाणारा पहारेकरीच परदेशी गेला, तेव्हा किडे माजले आणि औषधांची फवारणी वाढली, अशी ओरड सुरू झाली. शेवटी १९८७ साली ही निर्यात बंद करावी लागली. "तेव्हा बाथरूममधला बाथरूममध्येच राहू दे," तो म्हणाला. "तो तुमचा पाहुणा आहे, त्याचा कैदी करू नका."

मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "आणि तू तर बेडकांबद्दल बोलूच नकोस. आठवतंय ना?"

आठवत होतं. १९९६ साली आम्ही दोघं बारावीला एकाच टेबलावर होतो. मेणाचा ट्रे, चार टाचण्या, क्लोरोफॉर्मचा गोडसर वास आणि उताणा बेडूक. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, जर्नलमध्ये त्याची रेखीव आकृती काढली आणि दहापैकी नऊ मार्क मिळवले. त्या बेडकाला काय मिळालं हे कुणी विचारलं नाही. पुढे २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणिशास्त्राच्या वर्गातलं हे कापाकापीचं प्रकरण बंद केलं. आमच्या बेडकाला मात्र तो निर्णय अठरा वर्षं उशिरा मिळाला.

हे मी घरी सांगितलं ही माझी चूक. आई लगेच म्हणाली, "तेव्हा कापलास ना? मग आता सांभाळ." आमच्या घरात निर्णय असे होतात.

आता आणायचा तो कोणता? दुकानात जे मिळतात ते बहुतेक परदेशी. शाळासोबत्यानं चार स्थळं सुचवली. पहिला, दक्षिण अमेरिकेतला विषारी बेडूक. निळा, पिवळा, लाल, दागिन्यांच्या पेटीतून निसटल्यासारखा. रानात तो मुंग्या आणि तसले बारीक किडे खातो, त्यांच्यापासून त्याचं विष तयार होतं. पेटीत वाढलेल्याला तो आहार मिळत नाही, म्हणून तो निर्विष असतो. हे मी बायकोला पटवून देत होतो, तर ती एवढंच म्हणाली, "हे त्या बेडकाला माहीत आहे का?" ते स्थळ तिथेच बारगळलं. नवशिक्याचं ते कामही नव्हे. दुसरा, आफ्रिकेतला बोटभर पाण-बेडूक. तो जन्मभर माशासारखा टाकीतच राहतो. तो चिरंजीवांना मासाच वाटला. तिसरा, ऑस्ट्रेलियाचा हिरवा झाडबेडूक. गुबगुबीत, हसऱ्या तोंडाचा, माणसाळणारा. नवशिक्यांनी यालाच घ्यावं असं जाणकार सांगतात. पण नीट सांभाळला तर तो पंधरा-वीस वर्षं जगतो. एवढ्या मुदतीचं एक कर्ज आमच्यावर आधीच होतं.

चौथा तो पॅकमन. मूळचा अर्जेंटिनाकडचा, डोळ्यांवर शिंगासारखी टोकं असलेला, भाकरीच्या गोळ्याच्या अंगाचा बेडूक. पॅकमन हे नाव त्याला १९८० साली जपानमधून आलेल्या व्हिडिओ गेमवरून पडलं. त्यातला पिवळा गोळा तोंड उघडून समोर येईल ते गिळत जातो. हाही तेच करतो, फक्त जात नाही. जे यायचं ते समोर यावं, अशी त्याची वृत्ती. त्याचं तोंड अंगाच्या रुंदीएवढं असतं. बेडूक म्हणून त्यात बेडूकपण किती आणि तोंड किती, हे सांगणं कठीण. याला फिरायला मोठी जागा लागत नाही, सोबती लागत नाही. सोबती दिलाच तर तो त्याला खातो.

"हा," चिरंजीव म्हणाले.

मुंबईतल्या एका दुकानात आम्ही गेलो. शाळासोबत्यानं सूचना पाठ करून घेतल्या होत्या. पेटीत जन्मलेलाच घ्या, रानातून पकडून आणलेला नको. डोळे स्वच्छ आणि वर आलेले हवेत. कातडीवर व्रण नकोत, पाठीचं हाड दिसता कामा नये. मुख्य म्हणजे दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. न खाणारा बेडूक कितीही स्वस्त असला तरी महागच.

"एकदम शांत माल आहे साहेब," दुकानदार एका पेटीकडे बोट दाखवत म्हणाला.

शांत आणि मेलेला यांतला फरक ओळखायचं शिक्षण मी अजून घेतलं नव्हतं. मी पेटीवर टकटक केली. त्या बेडकानं एक डोळा जेमतेम फिरवला. सरकारी कचेरीत साडेपाचला अर्ज घेऊन गेल्यावर खिडकीतून जसं बघतात, अगदी तसंच. मग दुकानदारानं चिमट्यात एक रातकिडा धरून पुढे केला. काय झालं ते आम्हाला दिसलंच नाही. रातकिडा होता आणि मग नव्हता. बेडूक जिथे होता तिथेच होता. चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. मी पावती मागितली. पावती घ्याच. २०२४ पासून तर आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. आपला प्राणी त्या यादीत येतो की नाही, हे घेण्याआधीच वनखात्याला विचारलेलं बरं. किंमत सांगत नाही. माझ्या लोकलच्या पासाच्या भाषेत बोलायचं तर बरेच महिने.

परतीला संध्याकाळची बदलापूर लोकल. या गाडीत माणूस चढत नाही, चढवला जातो. मी झाकणाला भोकं पाडलेला पारदर्शक डबा छातीशी धरून, कसाबसा चौथ्या सीटवर, म्हणजे बाकाच्या कडेवर, टेकलो होतो. घाटकोपरला शेजारच्यानं विचारलं, "घरचा डबा वाटतं? इतक्या उशिरा?"

"नाही, बेडूक आहे."

ठाण्यापर्यंत तीन माणसांना बसायला मिळेल एवढी जागा माझ्याभोवती तयार झाली. दहा वर्षांच्या प्रवासात मी पहिल्यांदा चौथ्या सीटवर दोन्ही मांड्यांनी बसलो. अंबरनाथला उतरणाऱ्या एका गृहस्थांनी तर मला वाकून नमस्कार केला. तो मला होता की डब्याला, हे कळलं नाही.

पेटीसाठी उल्हासनगर. उल्हासनगरला मिळत नाही अशी वस्तू नाही, आणि तिथे न बनणारी परदेशी वस्तूही नाही, असं आमच्या भागात जुनी माणसं कौतुकानं सांगतात. काचवाल्यानं माप विचारलं. मी म्हणालो, दोन फूट बाय एक फूट, वर जाळीचं घट्ट झाकण. "किती मासे?" "एक बेडूक." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दर सांगितला. गिऱ्हाइकाचा वेडेपणा बघून दर ठरवण्याची कला या भागात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. घरी येऊन हिशेब केला. चार इंचांच्या बेडकाला दोन चौरस फूट. याच प्रमाणात आम्हा चौघांना जागा द्यायची तर सोसायटीचा सगळा मजला द्यावा लागेल. बदलापुरात ऐसपैस जागा मिळते असं ऐकून आम्ही डोंबिवली सोडली होती. ती खरोखर मिळालेला आमच्या घरातला पहिला रहिवासी हा.

तळाला ओल्या कोकोपीटचा चार बोटं थर, एका कोपऱ्यात उथळ पाण्याची वाटी, लपायला फुटक्या माठाचं खापर. बेडूक खड्डा करून मानेपर्यंत आत रुतून बसला. बाहेर फक्त तोंड आणि दोन डोळे. पहिले चार दिवस आम्ही सगळे रात्री जेवण झाल्यावर पेटीसमोर बसायचो. तो हलला नाही. चिरंजीवांनी अर्जेंटिनाचा म्हणून आधी 'मेस्सी' असं नाव ठेवलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनीच ते मागे घेतलं. दिवसभर एका जागी बसायचं, काही करायचं नाही, समोरून जाणारं गिळायचं आणि बाकी सगळ्यांकडे डोळे वटारून बघायचं. "आजी, हा आपल्या सोसायटीच्या अध्यक्षांसारखा दिसतो," ते म्हणाले. आई म्हणाली, "असं बोलू नये." आणि पाच मिनिटांनी तिनंच विचारलं, "अध्यक्ष जेवले का?"

अध्यक्षांचं जेवण हा स्वतंत्र विषय आहे. बेडकाला हलतं तेच अन्न दिसतं. समोर पडलेला किडा मेलेला असेल, तर त्याच्या लेखी तो दगड. आईला हे पटेना. घरात कुणी न जेवता झोपलेलं तिला चालत नाही, आणि मोठा झालेला हा बेडूक आठवड्यातून दोनदाच खातो. तिनं भाताचं शीत आणलं, दही-पोह्याचा दाणा आणला, एकदा संकष्टीच्या मोदकाचा कण आणला. अध्यक्षांनी कशाचीच दखल घेतली नाही. मग तिनं सांडशीत भाताचं शीत धरून त्यांच्यासमोर हलवलं. सांडशी तिच्या हातातून सुटली. आता ती सांडशी बेडकाचीच झाली आहे, दुधाचं पातेलं उतरवायला नवी आणली. बोटानं भरवायला जाऊ नका, हे मी माझ्या उजव्या हाताच्या अनुभवावरून सांगतो. त्याच्या जबड्यात दातांसारखं काहीतरी असतं आणि एकदा धरलेलं तो सहसा सोडत नाही. त्या वेळी मी जे ओरडलो ते चिरंजीवांनी शाळेत जाऊन वापरलं.

रातकिडे विकत आणावे लागतात. एका रात्री डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. त्यानंतर आठ दिवस आमच्या फ्लॅटमध्ये कपाटामागून, देव्हाऱ्यातून, सोफ्याच्या पोटातून किर्र आवाज येत होता. खरवईतले लोक गावाकडची शांतता मिळावी म्हणून दर उन्हाळ्यात कोकणात जातात. आम्हाला गावाकडचा आवाज घरातच मिळाला. शेवटी स्वस्त आणि सकस उपाय निघाला तो गांडुळाचा. पावसाळ्यात इमारतीमागच्या मातीत हवी तेवढी मिळतात. मात्र ज्या मातीवर औषध फवारलं आहे तिथली घ्यायची नाहीत. घरातली झुरळं तर मुळीच नाहीत. आपण त्यांच्यावर जे फवारतो ते झुरळ पचवतं, बेडकाला पचत नाही. अधूनमधून गांडूळ कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यावं लागतं. पुरणपोळी लाटताना आपण तांदळाची पिठी लावतो तेवढंच, जास्त नाही. हे काम बायको करते, कारण पिठी मी फार लावतो असं तिचं मत आहे.

घास गिळताना अध्यक्ष डोळे घट्ट मिटतात. आई बरेच दिवस समजत होती की ते जेवणापूर्वी देवाचं नाव घेतात. खरं असं की बेडकाच्या डोळ्यांचे गोळे टाळूतून खाली दबतात आणि घास घशाकडे ढकलतात. हे मी आईला सांगितलं. तिला ते देवाच्या नावापेक्षा जास्त चमत्कारिक वाटलं. आणखी एक. ठरावीक दिवसांनी ते अंगावरची कातडी सैल करून, जांभया दिल्यासारखं तोंड वासून, ओढत ओढत काढतात आणि खाऊन टाकतात. कपडे धुवायचे नाहीत, वाळत घालायचे नाहीत. बायकोनं ते पाहिलं आणि आम्हा दोघांकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं वॉशिंग मशीन लावायला गेलो.

आता पाणी. नवशिक्याचा बेडूक बहुधा पाण्यानंच मरतो, म्हणून हे नीट वाचा. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीतून शोषतो. त्याच कातडीतून तो थोडाफार श्वासही घेतो. आपल्या हातावरचं मीठ, तेल, साबण सगळं तिच्यातून आत जातं. म्हणून त्याला उगाच उचलायचं नाही, आणि उचलायचंच झालं तर हात उचलण्याआधी नुसत्या स्वच्छ पाण्यानं धुवायचे आणि खाली ठेवल्यावर साबणानं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपलं त्यानं भलं होतं, बेडकाचं होत नाही. पाणी चोवीस तास उघडं ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात. ते असं उडत नाही, त्याला मत्स्यालयाच्या दुकानात थेंब मिळतात.

म्हणून आम्ही गॅलरीत एक निळी बादली भरून ठेवू लागलो. मार्च-एप्रिलात पाणी एक दिवसाआड झालं, तेव्हा ती कुणी भांड्यांना वापरू नये म्हणून चिरंजीवांनी मार्करनं तिच्यावर ठळक लिहिलं : 'अध्यक्षांचं पाणी. हात लावू नये.'

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आणखी सात घरी जातात.

मे महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा गच्चीवर भरली. हिशेब मंजूर झाले, लिफ्टचा विषय नेहमीप्रमाणे पुढे ढकलला गेला आणि 'आयत्या वेळचे विषय मा. अध्यक्षांच्या परवानगीने' सुरू झाले. बी विंगमधले एक काका उठले. त्यांचा आवाज थरथरत होता. "आम्ही इथे टँकरला पैसे भरतो आणि तिसऱ्या मजल्यावर अध्यक्षांसाठी रोज वेगळी बादली भरून ठेवली जाते. हे खरं की खोटं?"

अध्यक्ष, म्हणजे दोन पायांचे, उभे राहिले. "मी कुणाच्या घरचं घोटभर पाणी घेत नाही!"

"बादलीवर नाव लिहिलंय!"

"आणि आठ-आठ दिवस तुम्ही यांच्याकडे जेवता, असंही ऐकलंय," मागून एक बाई म्हणाल्या. "परवा जिन्यात ह्यांची सूनबाई म्हणत होती, अध्यक्षांनी कोपऱ्यात घाण केली, आज सगळं धुवायला काढायचंय."

मला खुर्चीखाली जायला जागा असती तर मी गेलो असतो. सचिवांनी ते इतिवृत्तात लिहायला सुरुवात केली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई शांतपणे म्हणाली, "अहो, हे नव्हेत. आमचे अध्यक्ष म्हणजे बेडूक आहे."

गच्चीवर जी शांतता पसरली ती मी अजून विसरलेलो नाही. खाली कुठेतरी स्कूटर चालू होत होती, तीही बंद पडली.

सभा संपल्यावर अध्यक्ष आमच्याकडे आले. पेटीसमोर वाकून उभे राहिले. दोघं एकमेकांकडे बराच वेळ बघत होते. दोघांपैकी कुणीच पापणी हलवली नाही. शेवटी ते म्हणाले, "साम्य काही वाटत नाही मला." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. जाताना दारात थांबून त्यांनी सल्ला दिला, "कशाला हा त्रास? उल्हास नदीत सोडून द्या."

हे मात्र कुणी कधीही करू नये. परदेशी प्राणी आपल्या ओढ्या-नद्यांत सोडला की तो एक तर हाल होऊन मरतो किंवा टिकतो. टिकला तर ते जास्त वाईट. सोबत इथल्या बेडकांना न सोसणारे रोग घेऊन येऊ शकतो, ती भीती वेगळीच. लांब कशाला, आपलाच तो पिवळा मोठा बेडूक माणसांमुळे अंदमानात जाऊन पोचला. तिथे त्याची शेपटीवाली पिल्लंच तिथल्या बेडकांच्या पिल्लांना फस्त करतात. इकडे कायद्यानं राखलेला आपला गरीब शेतकरी, तिकडे तोच गुंड. गाव बदललं की माणसांचंही असं होतं, पण त्यावर बोलायची ही जागा नव्हे. (पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष पडले. त्यामुळे आमच्याकडच्या अध्यक्षांचं नाव बदलण्याची गरज राहिली नाही. सध्या सोसायटीत निर्विवाद असे तेच एक आहेत.)

उन्हाळा वाईट गेला. बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि या बेडकाला चोवीस ते अठ्ठावीस अंश मानवतात. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही पाण्याच्या बाटल्या गोठवून, पंच्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवून ठेवायचो. लाइट गेली की घरातली चार माणसं हातपंखे घेऊन एका बेडकाला वारा घालत. दुसऱ्या वर्षी दिवाणखान्यात एसी आला. एसीनं सांधे धरतात असं दहा वर्षं सांगणारी आई आता दुपारी पेटीशेजारी खुर्ची टाकून वाती वळत बसते. अध्यक्षांना एकटं वाटू नये म्हणून, असं तिचं म्हणणं.

सभा झाली त्याच मे महिन्यात अध्यक्ष एकदा कोकोपीटमध्ये पूर्ण गडप झाले. एक आठवडा वर आले नाहीत. मी जनावरांच्या एका डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हैस गाभण आहे का?" तेव्हा बेडूक आणण्याआधी बेडूक तपासणारा डॉक्टर शोधून ठेवा, असा क्रम असतो हे कळलं. शाळासोबती म्हणाला, कोरडं पडलं की हे जमिनीत शिरतात, सुटलेल्या कातडीचा अंगाभोवती कोष करतात आणि पाऊस येईपर्यंत पडून राहतात. आपले गावचे बेडूकही उन्हाळा असाच जमिनीखाली काढतात. "माती कोरडी ठेवलीस ना? चूक तुझी. हळूहळू ओल कर." मी आजवर इतक्या जणांच्या चुका माझ्या नावावर घेतल्या, पण ही खरोखरच माझी होती. पाणी शिंपडलं. दोन दिवसांनी मातीतून दोन डोळे वर आले, नेहमीच्याच नापसंतीनं.

पावसाशी आमच्या भागाचं नातं जपून बोलण्यासारखं आहे. २०१९ च्या जुलैत पाऊस यावा म्हणून भोपाळमध्ये बेडकांचं लग्न लावलं होतं. त्याच महिन्याच्या २७ तारखेला इकडे बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी हलवले गेले. सप्टेंबरात भोपाळवाल्यांनी, पाऊस फार झाला म्हणून, त्याच बेडकांचा रीतसर घटस्फोट केला. आमच्या तळमजल्यावरचे गुरुजी म्हणतात की ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात अख्खं एक सूक्त, १०३वं, बेडकांवर आहे. वर्षभर मौन पाळून पाऊस पडताच बोलू लागणाऱ्या व्रतस्थ ब्राह्मणांशी त्यांची तुलना केलेली आहे. "मग तुम्ही आमच्या अध्यक्षांना भेटायला या ना," आई म्हणाली. गुरुजी आले. त्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि चहा न घेता गेले.

पण मौनाचं त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. वर्षभर अध्यक्षांच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पत्र्यावर पहिला मोठा पाऊस वाजला. मागच्या उरलेल्या खाचरात गावच्या बेडकांची सभा भरली. टॉर्च घेऊन चिरंजीव आणि मी गॅलरीत गेलो. खाली पाण्यात पिवळेधमक नर बसले होते, गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे फुगवून. तो रंग त्यांना या थोड्या रात्रींपुरताच चढतो. आवाज असा, की शेजारच्या इमारतीतल्या नवीन भाडेकरूनं दिवे लावले. तेवढ्यात आमच्या पाठीमागे, दिवाणखान्यातून, गंजलेली कडी जोरात सरकवल्यासारखा आवाज आला. मग पुन्हा. कोकोपीटमध्ये रुतलेला अर्जेंटिनाकडचा तो गोळा, गळा फुगवून, खरवईच्या खाचराला उत्तर देत होता. खालचे क्षणभर थबकले असं मला वाटलं. शाळासोबती म्हणतो, तसं काही नसतं.

तेव्हापासून अध्यक्षांना सवयच लागली आहे. मिक्सर, कुकरची शिट्टी, बादलीत पडणारं पाणी, कशालाही ते ओ देतात. चिरंजीव आता नववीत आहेत. पेटी साफ करायची पाळी बहुतेक माझीच असते. ही जात दहा-पंधरा वर्षं जगते, त्यातली आमची तीन झाली.

पावसाळ्यात रात्री खरवईकडे येणार असाल तर एक विनंती. गाडी हळू चालवा, रस्त्याच्या मधोमध गावचे बेडूक बसलेले असतात आणि दिव्याच्या झोतात ते हलत नाहीत. उतरून बाजूला करा, ओल्या हातानं. आणि आमच्या इमारतीखाली हॉर्न वाजवू नका. अध्यक्ष उत्तर देतात.